नानूकाकांचं पान

भूतखेतं, अंगात येणं... आपला काडीचा विश्वास नाही. वीस वर्षं पीथमपुरात गिअरबॉक्स तपासतोय — आवाज आला की कारण सापडतंच. हे तेवढं सापडलेलं नाही.

धारला लेकीच्या शाळेत मराठी नाटक होतं, जुन्या संस्कृत धाटणीचं. सातवीतली सई त्यात राजाचा खादाड विदूषक. मराठी वाचताना तिला धाप लागते, म्हणून संवाद मीच तोंडी पाठ करून घेतले. पण कोणी हसेचना. मॅडम म्हणाल्या, "सोमवारपर्यंत जमलं नाही, तर रोल दुसऱ्या मुलीला." सई रडून लाल.

मग मी हुकमी एक्का काढला — देवासचे नानूकाका. बाबांचे चुलतभाऊ, तोतरे, खाण्याचे शौकीन. लग्नकार्यात मी त्यांची नक्कल करणार आणि सगळे लोटपोट होणार, हीच माझी खानदानातली किंमत. सईला मी फक्त त्यांची चाल शिकवली. पोटावर हात, डोलत डोलत. ती जन्मायच्या आधीच काका गेलेले.

प्रयोगात तिनं एंट्री घेतली आणि हॉल फुटला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "भिया, छोरी ने तो मार डाला!" मी कॉलर ताठ करणार, तेवढ्यात ती स्टेजवर मांडी घालून बसली. हे नाटकात नव्हतंच. समोर पान मांडल्यासारखं तिनं पाणी शिंपडलं, तळहातानं पुसलं. आणि थेट माझ्याकडे बघून —

"दि... दिगोबा, भा... भात आला नाही रे अजून."

मला दिगोबा एकटे नानूकाका म्हणत.

फार पूर्वी देवासला एका मुंजीत मी वाढप्यांना डोळा मारला होता, काकांचं पान सोडून पुढे जा. गंमत! तीनदा भात समोरून गेला. पंगत हसत होती, काकाही हसत होते. सगळ्यांबरोबर कोरड्या हातानं उठले, ते पुन्हा आमच्या कार्याला आले नाहीत. माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही; सईला कोण सांगणार?

हॉल हसत माझ्याकडे वळला. म्हणून मीही हसलो.

विंगेत सई नाचत होती. "बाबा, सबसे ज्यादा कधी हसले?" मांडी घातल्याचं तिला आठवतच नव्हतं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही, मलाही नाही. पुढच्या रविवारी हेच नाटक देवासला आहे, आणि मॅडमना तो पानावर बसायचा प्रसंग पाहिजेच. सई मागे लागली, "बाबा, ते भातवालं शिकवा ना."

काल बसलो शिकवायला. तोतरं बोलणं तिला काही जमेना.

"असं नाही," मी म्हणालो, आणि करून दाखवलं.

सई पोट धरून हसली.