ज्वालामुखीकडे पाठ

जावा बेटावर राहणाऱ्या मैत्रिणीकडे, नीताकडे गेले होते. सकाळी चहा पिता पिता ती एकदम म्हणाली, "चल, ज्वालामुखी बघून येऊ." होतो तशाच निघालो. घाटात तिने गाडी भरधाव चढवली.

वर कठड्याशी उभ्या राहिलो. खाली विवरातून पांढरा धूर संथपणे येत होता, गंधकाचा वास घशात उतरत होता. शेजारीच एक बाई विवराकडे पाठ करून कणसं भाजत बसली होती.

"हिला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटत असेल. पण रोज किती घाबरणार? भीतीचासुद्धा कंटाळा येतो गं," नीता म्हणाली.

नीताच्या नवऱ्याचा चढलेला आवाज मी आल्यापासून रोज भिंतीपलीकडून ऐकत होते. विचारलं काहीच नव्हतं. अशा डोंगराच्या पायथ्याशी माणसं राहतात तरी कशी, असं आपण लांबून म्हणतो. त्यांचे तिथे कोबीचे वाफे असतात, मुलांच्या शाळा असतात, वाळत घातलेले कपडे असतात.

उतरताना रस्ता अगदी मोकळा होता. तरी घर जवळ येत गेलं, तशी नीता गाडी हळू हळू चालवू लागली.