दोस्त फौजांचा अबोला
दर रविवारी दुपारी दंतवैद्याच्या दवाखान्यात, पेशंटांच्या खुर्च्या भिंतीला सारून, आम्ही चौघं टेबलावर नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळतो. शिशाचे सैनिक, दोन फासे, हिरवी चादर. घरचे हसतात, हसोत बापडे.

आमच्यातल्या एकाने जन्मभर भूमापन कचेरीत नकाशे काढले, म्हणून त्याचं नावच नकाशे. माणूस इतका शिस्तीचा की चहासुद्धा मोजपट्टी लावून पिईल. दोस्त फौजांचा नियम त्याचाच. दोस्त एकदिलाने लढतात हे त्याला मुळीच पटत नसे. प्रशियाचा राजा वेगळा, रशियाचा वेगळा, मग सेनापतींचं एकमत कुठून होणार? तेव्हा दोन दोस्त सेनापतींनी खोलीच्या दोन टोकांना बसायचं, बोलायचं नाही, फक्त चिठ्ठी धाडायची, तीही जास्तीत जास्त तीन शब्दांची. पंच असलेला दंतवैद्य ती एक डाव उशिरा पोचवणार.

नियम त्याच्या सोयीचाही होता. त्याचा दोस्त म्हणजे त्याचाच थोरला भाऊ. आई कोणाकडे राहणार यावरून भांडण झालं, आणि सहा वर्षं दोघांत अबोला. आई गेली तरी तो सुटला नाही. खेळ मात्र दोघांनीही सोडला नाही. आता दादा गुरुवारी कायमचा लेकीकडे निघाला होता. त्याआधी एकदा तरी बोलावं म्हणून नकाशे आठवडाभर तळमळत होता, पण तोंड उघडेल तर शपथ.

शेवटच्या रविवारी प्रशियन फौज घेऊन तो पुलावर चढला आणि दादाला चिठ्ठी धाडली, ‘मागे ये’. दादाने ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि सगळी रशियन फौज टेबलाच्या कडेपर्यंत माघारी नेली. एकट्या पडलेल्या प्रशियनांचा मी, म्हणजे नेपोलियनने, दोन डावांत चुराडा केला. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

नकाशे ताडकन उठला. “दादा, मागे ये म्हणजे माझ्या मागून ये!”

बोलल्याबद्दल दंतवैद्याने त्याचा एक डाव कापला. कोणी लक्ष दिलं नाही.

“तसं लिहायचं. तीन शब्द होते की तुझ्याकडे,” दादा म्हणाला. “आणि मी थोरला. तुझ्या मागून कधी चाललोय?”

नकाशे हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. आई तुझ्याकडे राहिली असती तरी चाललं असतं, मीच हट्टाला पेटलो, असं त्याने आमच्या देखत सांगून टाकलं. दादा एकेक सैनिक पेटीत ठेवत राहिला. झाकण लावल्यावर म्हणाला, “गुरुवारी सकाळी नऊची गाडी आहे. स्टेशनवर ये, मागेपुढे पाहू नकोस.”