खून चालेल, आजार नको

जाधववहिनी पोळ्या लाटताना वाचायच्या. पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवलेलं, दोन्ही हात लाटण्यावर, आणि पान उलटायला डाव्या हाताची करंगळी. तेवढं एक बोट त्या पिठापासून राखून ठेवत. तव्यावरून धूर निघाला की सासूबाई बाहेरच्या खोलीतून ओरडत, "जळली गो!" त्यावर वहिनींचं उत्तर ठरलेलं, "एवढं पान होऊ दे." त्यांच्या दोन्ही मुली करपलेल्या पोळ्यांवर वाढल्या आणि चांगल्या धडधाकट वाढल्या, हे मी समोरच्या दारातली शेजारीण म्हणून सांगू शकते.

ही ऐंशीच्या आगेमागेची गोष्ट. वाशीतली आमची इमारत नवी होती, भोवती चिखल आणि अर्धवट रस्ते. मी शाळेत शिकवायची, म्हणून इमारतीत सगळ्यांची 'बाई'. जाधव तुर्भ्याच्या एका कारखान्यात पाळीवर होते. वहिनी महाडकडच्या, सातवी शिकलेल्या. वाचनालयातून माझ्याबरोबर त्यांचंही पुस्तक मी आणायची. "बाई, जाडंसं आणा," एवढीच फर्माईश. "पातळ पुस्तक म्हंजे पावण्याला अर्धा कप चाय. ना धड दिला, ना धड नाय म्हटलं."

मग त्यांच्या डाव्या छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, त्यानंतर कितीतरी दिवस विजेचे शेक. घरी आल्या तेव्हा गळ्याखालची कातडी काळी पडली होती आणि डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फळीवरचा डबा काढायला धाकटीला स्टुलावर चढावं लागे. त्या काळी त्या रोगाचं नाव रोग्यासमोर कुणी घेत नसे. डॉक्टर 'गाठ' म्हणाले, जाधव 'मोठं दुखणं' म्हणाले, आणि सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "वाचून वाचून आणलंन हिने."

एका संध्याकाळी जाधव माझ्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"बाई, हिला पुस्तकं पायजेत. द्या तुमी. पण कोन आजारानं मरतंय असलं नको. आधी तुमी वाचा, मग तिला द्या."

"अहो, कुणी मरत नाही अशी मराठी कादंबरी मी आणू कुठून?"

त्यांनी खरोखर विचार केला. "खून चालेल," ते म्हणाले. "आजार नको."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. पुढचे चार महिने मी वहिनींना खून पुरवले. विषाचे, सुऱ्याचे, कड्यावरून ढकलून दिल्याचे. त्या निमूट वाचत, पण पुस्तक परत करताना तोंड कडू. "पोलीस हुशार, खुनी हुशार, आनि घर कुनालाच नाय. हे काय जेवतात तरी काय?" त्यांना घरांतल्या गोष्टी हव्या होत्या. इमारतीतल्या बायका एक कौटुंबिक कादंबरी पाळीपाळीने वाचत होत्या, ती त्यांनी नाव घेऊन मागितली.

मी आधी वाचली. मधल्या वीस पानांत नायिका त्याच रोगाने जाते, मागे पोरी राहतात, गोष्ट पुढे चालते. नाही म्हणायला काही कारण सुचेना. पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून मुलांवर छडी उगारणाऱ्या मी दार लावून ब्लेडने ती वीस पानं कापली, शेगडीत घातली आणि पुस्तक वहिनींना नेऊन दिलं. आपण फार मायेचं काम केलं, असंच तेव्हा वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. सुजलेला हात पोटाशी धरलेला, दुसऱ्या हातात पुस्तक.

"बाई, पानं कुठायत?"

"वाचनालयाचं पुस्तक ते. कुणीतरी फाडली असतील."

"फाडलेलं पान असं सरळ निघत नाय. ह्ये ब्लेड हाय." त्या खाली बसल्या. "नवरा खोटं बोलतो, सासू खोटं बोलते. डॉक्टर भिंतीकडं बघून बोलतो. एक पुस्तक काय ते खरं बोलत होतं माझ्याशी. त्याचं पन तोंड बंद केलंत तुमी."

पानांची राख झाली होती.

"ती मेली काय?"

"हो."

"कशानं?"

मी नाव घेतलं. त्यांच्यासमोर ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते असं, माझ्या तोंडून, एका कादंबरीतल्या बाईबद्दल. त्यांनी पुस्तक फरशीवर ठेवलं. मग विचारलं, "पोरींचं काय झालं तिच्या?"

"वहिनी, ती नुसती गोष्ट आहे हो."

"म्हनून तर इचारते," त्या म्हणाल्या. "खऱ्यातलं कोन सांगनार हाय मला?" आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून इतक्या रडल्या की मला वाटलं, आता ह्या बाईला मी कशी उठवू. त्यांचं कपाळ गरम लागत होतं. मी वीस पानांत काय काय होतं ते आठवेल तसं सांगत गेले. पोरींचं आधी सांगितलं.

त्यानंतर त्यांनी माझ्या हातून पुस्तक घेतलं नाही. बऱ्या झाल्या, स्वयंपाकाला लागल्या आणि वाचनालयात स्वतः जाऊ लागल्या. रस्त्यात भेटल्या तर हसत, पण कुठलं पुस्तक ते दाखवत नसत. मला ते फार लागायचं, आणि रागावताही येत नव्हतं. जाधवांना तळोज्याला नोकरी लागली आणि कुटुंब नावड्याला राहायला गेलं.

चार वर्षांनी थोरलीचा निरोप आला, आई बोलावते. दुखणं हाडांत उतरलं होतं. पुस्तक पेलवत नव्हतं, डोळे ठरत नव्हते. उशाशी एक जाडजूड कादंबरी अर्ध्यात उघडी पडली होती. "पोरी वाचतात," वहिनी म्हणाल्या, "पन रडतात नि सोडून देतात. तुमी वाचा, बाई."

शाळेला रजा टाकून मी रोज नावड्याला जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी गोष्टीतली आई अंथरुणाला खिळली. पुढच्या ओळींवर माझी नजर गेली आणि चार ओळी ओलांडून मी पुढचं वाक्य धरलं. वहिनींचे डोळे मिटलेले होते. झोपल्या असतील अशी मला आशा होती.

"मागे जा, बाई," त्या म्हणाल्या.

जाधव दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली, आत आले आणि पलंगाच्या पायथ्याशी बसले. मी मागे गेले. त्या चार ओळी वाचल्या आणि त्याच्या पुढचंही सगळं.

वहिनी गुरुवारी गेल्या. पुस्तक बुधवारी वाचून झालं होतं.