सईची मुलाखत आणि माझी लुडबुड

अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठासाठी माझी मुलाखत झालेली आहे. मी तिथे अर्ज केला नव्हता, एवढीच काय ती अडचण.

अर्ज होता सईचा, माझ्या नातीचा. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा जेमतेम पासष्टीची, म्हणजे अगदीच अल्लड, आणि मुलगा-सुनेकडे सिंगापूरला राहायला आलेली. सई सतरा वर्षांची. विद्यापीठ असं, की हजारांतून मूठभर उचलणार. त्या मुठीत मावण्यासाठी पोरगी दोन वर्षं नुसती धावत होती. वादविवाद, व्हायोलिन, आणि दर शनिवारी हौगांगच्या वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांशी गप्पा. मी म्हटलं, "अगं, एक म्हातारी घरातच आहे की." तर म्हणते, "आजी, घरातली काउंट होत नाही लाह." (हे 'लाह' म्हणजे इथल्या बोलण्याला लागणारं शेपूट.)

घरातली म्हातारी मग काय करणार? स्वप्नं बघायची. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीशी दुपारी बसायचं, मांडीवर विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक, बाहेर संथ ढग. लाल-पिवळ्या पानांचा तो रस्ता, दगडी मनोरा... डोळे जड व्हायचे. स्वप्नात त्या रस्त्याने सई चालत जायची. काही दुपारी गेल्या आणि सईच्या जागी मीच चालू लागले, इरकली नेसून, छातीशी पुस्तकं धरून! पानं गळताहेत, कुठेतरी घंटा वाजतेय, आणि गोरे प्राध्यापक अदबीने बाजूला होताहेत. (प्रत्यक्षात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझं लग्न झालं. स्वप्नात मात्र मी थेट पीएच.डी.ला!)

अशात मुलाखतीचं ठरलं. त्या विद्यापीठात शिकलेल्या इथल्याच एक बाई जुरोंग ईस्टच्या कॅफेत सईला भेटणार होत्या. मुलगा म्हणाला, "एकदाच भेटतात, आई. मग त्यांचं मत तिकडे कळवतात."

मला लख्ख उलगडा झाला. परकी माणसं येणार, खाणंपिणं होणार, मुलीला प्रश्न विचारणार आणि नंतर कळवणार. याला आमच्यात बघण्याचा कार्यक्रम म्हणतात, आणि त्यातला माझा अनुभव दांडगा! मुलीला असं एकटीला पाठवतात का कुठे? मुलगा-सून ऑफिसात, तेव्हा मीच निघाले. सईने नाइलाजाने अटी घातल्या: वेगळ्या टेबलवर बसायचं, बोलायचं नाही, आणि चिवडा पर्समधून बाहेर काढायचा नाही.

बाई कसल्या, मिस लिम निघाली जेमतेम पंचविशीची, पायात कापडी बूट. त्या दोघी खिडकीशी बसल्या, मी मागच्या टेबलवर, त्यांच्याकडे पाठ करून. गार हवा, ऊन कॉफी. काचेपलीकडे एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, जणू ढगावरून सरकत होती. मी अलगद पोचले त्या लाल-पिवळ्या रस्त्यावर. आज पदवीदान होतं. अंगात काळा झगा (आत इरकली), समोर मंच, कुलगुरू पदवी पुढे करताहेत, मी हात लांबवला... आणि पाठीमागून शब्द आला, "फेल."

सईचाच आवाज. रोबोटच्या कुठल्याशा स्पर्धेत आपण कशा सपशेल फेल झालो, हे ती स्वतःच्या तोंडाने सांगत होती! बघायला आलेल्या माणसांना! मी खुर्चीसकट वळले.

"नो, नो," मी मिस लिमला म्हटलं, "शी नेव्हर फेल. ऑलवेज फर्स्ट."

सई दातांतल्या दातांत म्हणाली, "आजी, तिनेच विचारलंय. मोठं अपयश सांग, हाच प्रश्न आहे तो."

हा कुठला रिवाज? आमच्याकडे मुलगी तिरळी असेल तर तिला खिडकीकडे तोंड करून बसवतात, आणि इथे उणीव मागून घेतात! माझा चेहरा बघून मिस लिम हसली आणि तुमचं आहे का असं एखादं अपयश, असं तिने मला विचारलं. तो निव्वळ शिष्टाचार होता. शहाण्या बाईला कळलं असतं.

मी माझा कप घेऊन त्यांच्या टेबलवर गेले.

मग मी माझा पहिला कार्यक्रम सांगितला. पाहुणे म्हणाले, मुलीला गाणं येतं का? मी डोळे मिटून अभंग सुरू केला. अशी तल्लीन झाले, अशी तल्लीन झाले, की डोळे उघडले तेव्हा पाहुणे दाराशी चपला घालत होते. मिस लिम हसता हसता डोळे पुसायला लागली. मग तिने रीतीप्रमाणे विचारलं, यातून तुम्ही काय शिकलात?

"सिंग विथ वन आय ओपन," मी म्हटलं.

तिथून मी दुसरा कार्यक्रम सांगितला, मग तिसरा. मध्येच केव्हातरी चिवडाही निघाला. भानावर आलो तेव्हा पुढचा मुलगा टाय घालून दारात उभा होता. सईचं व्हायोलिन, हौगांगचे म्हातारे, सगळं तिच्या पोटातच राहिलं.

परतताना सई रागावली असती तर बरं झालं असतं. ती एमआरटीच्या काचेत बघत राहिली आणि तोआ पायोहला उतरताना एवढंच म्हणाली, "दोन वर्षं, आजी."

पुढच्या दुपारी मी खिडकीशी बसले, पण डोळा काही लागेना. ढग नुसते ढगच दिसत होते.

आणि मग मिस लिमचा ईमेल आला. आपलं मत लिहायला बसले तर आजींविषयी पानभर सुचलं, उमेदवाराविषयी एक रोबोट सोडून काहीच नाही. तरी सई पुन्हा भेटेल का? शक्यतो एकटी.

सई एकटी गेली. दीड तास बोलत बसली. आणि वसंतात तिकडून होकार आला!

लगेच मी इथल्या मराठी मंडळाच्या बायकांत सांगत सुटले, की बाकीच्यांना एक मुलाखत मिळते, आमच्या सईला माझ्यामुळे दोन मिळाल्या. विमानतळावर सईलाही ऐकवलं, "बघ, आजीमुळे झालं की नाही?"

तिने मला घट्ट मिठी मारली. "हो ना. दुसऱ्या वेळी तू घरी राहिलीस म्हणून."

पंचेचाळीस वर्षं या घराण्यासाठी राबले, पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं कार्य म्हणजे एक दुपार सोफ्यावरून न उठणं!