आजेगुरूंचा दसवा

आमच्या कराटेच्या क्लासला सुतक पडलं होतं, हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, "कोण वारलं?" त्याचं खरं उत्तर होतं, "जपानमधल्या ओकिनावाचे एक सत्त्याण्णव वर्षांचे गृहस्थ. आमच्यापैकी कुणी त्यांना कधी पाहिलेलं नाही." एवढं बोलून पुन्हा नववीच्या वर्गावर इंग्रजी शिकवायला जायचं, तर चेहरा कुठून आणायचा?

मी कराटेत गेले ती खांद्यामुळे. उजवा खांदा जाम झाला होता, वेणी घालता येईना, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. घराजवळ योगाचा क्लास होता, पण तिथल्या बाई फार गोड बोलायच्या आणि ते मला सोसत नाही. म्हणून वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर मी केळीच्या गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पांढरा सदरा-पायजमा घालून उभी राहिले. शिकवणारे सर माझ्याहून लहान. तुकईथडला त्यांची केळीची शेती आणि शहरात केळीचाच धंदा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या दोन्ही हातांत वाळू भरलेल्या बरण्या दिल्या. बरणीचं तोंड पाच बोटांनी वरून पकडायचं आणि शेडभर चालायचं. ओकिनावात असंच पकड पक्की करतात म्हणे. बरण्या सरांच्या बायकोच्या लोणच्याच्या होत्या, त्यामुळे आमच्या तपश्चर्येला कैरीचा वास यायचा. खांदा काही महिन्यांत मोकळा झाला. मी मात्र अडकले ती अडकलेच.

सरांच्या कराटेत दोन गोष्टी होत्या, घाम आणि घराणं. घाम आम्ही गाळायचा आणि घराणं त्यांनी सांगायचं. सरांचे गुरू नागपूरचे. ते तरुणपणी जहाजावर नोकरीला होते, ओकिनावाच्या बंदरात काही वर्षं राहिले, तिथल्या एका मास्तरांकडे शिकले आणि परत येऊन नागपुरात क्लास काढला. आमचे सर केळीची गाडी भरून दिली की रातोरात नागपूर गाठायचे आणि दोन दिवस मार खाऊन परत यायचे. अशी कित्येक वर्षं. मग लॉकडाऊनमध्ये गुरू गेले. रस्ते बंद, पास मिळेना, सरांना जाता आलं नाही. त्या दिवशी सरांनी शेडचं दार आतून लावून घेतलं होतं, असं त्यांची बायको सांगते. रडले मात्र नाहीत.

गुरूंनी सरांना कसला कागद दिला नव्हता. तिकडे शहराच्या शनवारा भागात सरांच्याच एका गुरुबंधूंचा क्लास होता. त्यांच्या भिंतीवर जपानी अक्षरांचं एक प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. ते कुणालाच वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याचा दरारा मोठा. "तिकडच्यांचा वर कोणाशी संबंध उरला नाही, ओरिजिनल लाइन इकडे," असं ते पालकांना सांगत आणि पालक पोरांना घेऊन शनवाऱ्याला जात. सरांना पोरं गेल्याचं वाईट वाटायचं, पण त्याहून जास्त ते शब्द लागायचे. आपण त्या घरचे आहोत की नाही, एवढंच त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगणारा नागपूरला होता, तो गेला. आता वर उरले होते ते फक्त ओकिनावाचे म्हातारे, गुरूंचे गुरू. सर त्यांना आजेगुरू म्हणायचे.

आणि एके सकाळी नागपूरच्या कुणीतरी कराटेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. चौकटीत आजेगुरूंची तसबीर, चौकटीला फुलांचा भला मोठा हार, खाली जपानी अक्षरं आणि ९७ हा आकडा. भोवती कागदाच्या रंगीत भिंगऱ्या होत्या, त्या आम्ही तिकडची पद्धत म्हणून सोडून दिल्या. हार माणसाच्या गळ्यात असला तर सत्कार आणि तसबिरीला असला तर माणूस गेला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पहिल्यानं "ॐ शांती" लिहिलं, मग रांगच लागली. मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्या दिवशी सर क्लासला आले ते अनवाणी. "मॅडम," ते म्हणाले, "सुतक पाळा लागीन आपल्याले."

"सर, ते जपानी होते."

"होते ना. पन आपले होते. सुतक घरच्यालेच लागते, बाहेरच्याले नई लागत."

तेव्हा मला यातली मेख कळली. सुतक लागलं म्हणजे नातं लागलं. ज्याला सुतक, तो घरचा.

सरांच्या घरी पूजा सांगणाऱ्या गुरुजींना विचारायला मीही सोबत गेले. गुरुजी म्हणाले, गुरूचे तीन दिवस. सर म्हणाले, हे नुसते गुरू नाहीत, गुरूंचे वडील धरा, दहा करू. गुरुजींनी गोत्र विचारलं. ओकिनावाचं गोत्र कुणालाच माहीत नव्हतं. "गोत्र ठाऊक नसलं की कश्यप," गुरुजींनी निकाल दिला आणि जपानच्या दक्षिणेकडचं ते बेट एका वाक्यात कश्यप गोत्री झालं.

दहा दिवस क्लास बंद. बरण्या पालथ्या. सरांच्या घरात फोडणी नाही, देवपूजा नाही. नेमकं खकनारला त्यांच्या बायकोच्या चुलतभावाचं लग्न होतं. ती माझ्याकडे येऊन भांडली. "माह्या माहेरच्या लग्नात मी जायचं नई. काऊन? त सुतक. कोनाचं? जपान्याचं! तुमी शिकलेल्या, तुमी तरी सांगा ना यायले!" मी काय सांगणार? मी ब्राऊन बेल्ट होते.

तिकडे शनवाऱ्याला बातमी पोचली आणि तिथल्या सरांनाही सुतक लागलं. लागणारच, भाऊबंदकी होती ना. त्यांनी दरवाजाजवळ फ्लेक्स लावला. त्यावर आजेगुरूंचा तोच फोटो, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि शेजारी त्यांचा स्वतःचा फोटो, आजेगुरूंहून मोठा. आमच्या सरांनी तो पाहिला आणि जेवण सोडलं. दसव्याला मुंडण मी करणार, असं त्यांनी जाहीर केलं. संध्याकाळपर्यंत शनवाऱ्याहूनही तेच जाहीर झालं.

सरांनी मला सांत्वनाचं पत्र इंग्रजीत लिहायला लावलं. नागपूरहून आजेगुरूंच्या घरचा एक नंबर मिळाला होता. मी लिहिलं की आम्ही अत्यंत दुःखात आहोत आणि दहाव्या दिवशी नदीवर विधी करणार आहोत. चांगलं झालं होतं पत्र. दसव्याच्या सकाळी सरांनी मुंडण झाल्या झाल्या आपला फोटो काढला आणि त्याच नंबरवर पाठवून दिला. मिशीही गेली होती. ओठ इतका उघडा पडला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

तापीच्या घाटावर एका पायरीवर आम्ही आणि चार पायऱ्या सोडून शनवाऱ्याची मंडळी. बाईमाणूस दसव्याला कशाला, असं गुरुजी म्हणाले. "त्या सीनियर हायेत," सर म्हणाले आणि विषय संपला. दोन तुळतुळीत डोकी, दोन गुरुजी, दोन पिंड आणि मयत एक. पिंड मांडून आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो.

कावळे होते. वरच्या भिंतीवर ओळीनं बसले होते. एकही खाली येईना. पलीकडे कुणाचं तरी पान क्षणात साफ झालं. आमच्या पिंडाकडे एक कावळा चालत आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. चहाच्या टपरीसमोर सांडलेली शेव मात्र त्यानं आवडीनं खाल्ली.

"इच्छा राहिली आहे," गुरुजी म्हणाले.

सरांनी हात जोडले. "क्लास बंद पडू देनार नई." कावळा ढिम्म. "बायकोले खकनारले घेऊन जाईन." हे त्यांनी कुणाच्या इच्छेखातर म्हटलं कोण जाणे. तिकडून शनवाऱ्याच्या सरांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवायचं कबूल केलं. तरीही काही नाही. मग सर उठले आणि ओल्या धोतरावर काता करू लागले. काता म्हणजे आमची ठरलेल्या हालचालींची कवायत, पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी चालत आलेली. ते बघून शनवाऱ्याच्या सरांनीही सुरू केला. दोन टकले गृहस्थ नदीकाठी हवेत ठोसे मारतायत आणि वर कावळे माना हलवतायत. कपडे धुणाऱ्या बायकांनी धुणं थांबवलं. दर्भाचा कावळा करून तोच पिंडाला शिववू, असं गुरुजी सुचवायला लागले. "नकली नई चालनार," सर ओरडले. त्याच वेळी सरांचा फोन वाजला.

व्हिडिओ कॉल होता. इंग्रजी म्हणून सरांनी तो माझ्या हातात कोंबला. पडद्यावर शाळेच्या वयाची एक जपानी मुलगी, आजेगुरूंची पणती. तिनं इंग्रजीत, शब्द जुळवत विचारलं, ते टक्कल केलेले गृहस्थ आजारी आहेत का? तुमचं पत्र घरी कुणालाच कळलं नाही. मी म्हटलं, तुमच्या पणजोबांच्या जाण्यानं आम्हाला फार दुःख झालं. ती म्हणाली, कुठे जाण्यानं? आणि तिनं फोन फिरवला.

खुर्चीत आजेगुरू बसले होते. पिवळाधमक अंगरखा, हातात कागदी भिंगरी, आणि पुढ्यात कलिंगडाची फोड.

सर काता सोडून धावत आले, पडद्यात डोकावले आणि तिथेच पायरीवर टेकले. गुरुजींनी विचारलं, "हे कोण?"

"ज्यांचा दसवा चाललाय ते," मी म्हटलं.

गुरुजींनी शांतपणे पोथी मिटली.

मग खुलासा झाला. तिकडे सत्त्याण्णवावं वर्ष फार मोठं मानतात. उघड्या गाडीतून गावभर मिरवणूक काढतात, भिंगऱ्या लावतात. गाडीच्या पुढच्या बाजूला तसबीर आणि हार लावलेला होता. आजेगुरू स्वतः गाडीत मागे बसून हात हलवत होते. नागपूरवाल्यानं फोटो कापला त्यात नेमके आजेगुरूच कापले गेले. आम्ही इथे काय करतोय हे मला त्या मुलीला सांगावं लागलं. इंग्रजी शिकवून मला इतकी वर्षं झाली, पण असा उतारा कधी वाट्याला आला नव्हता. तिनं दोनदा विचारून खात्री केली आणि पणजोबांना सांगितलं.

म्हातारे इतके हसले की कलिंगडाची बी त्यांच्या घशात गेली. पाठीवर थापा मारून झाल्यावर त्यांनी निरोप दिला. पूर्वी त्यांच्या गावात या वयाच्या माणसाची खोटी अंत्ययात्रा काढायचे. हल्ली कुणी काढत नाही. तेवढंच राहून गेलं होतं, ते तुम्ही केलंत, त्यांना फार बरं वाटलं.

शनवाऱ्याचे सर एव्हाना आमच्या पायरीवर आले होते. "मॅडम, पूछो ना, ओरिजिनल लाइन कोनाची?" आमच्या सरांनी त्यांना हातानं मागे सारलं. मला वाटलं, आता मारामारी होणार आणि तीही शास्त्रोक्त. पण सर नुसतं एवढंच म्हणाले, "आमच्या नागपूरच्या सरांची याद हाये का त्यांले, तेवढं विचारा."

मी विचारलं. नाव सांगितलं, जहाज सांगितलं, बंदर सांगितलं. म्हातारे डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागले. मुलगी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होती. मग ती म्हणाली, त्यांना वाईट वाटतंय, पण जहाजांवरून तेव्हा खूप जण येत. त्यांना आठवत नाही.

सर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या म्हाताऱ्याचा मला इतका राग आला की फोन तापीत टाकावासा वाटला. पण मी सांगितलं. शनवाऱ्याचे सरही ऐकत होते. त्यांनी आपल्या ताज्या टकलावरून हात फिरवला आणि खाली बघितलं. ते नाव त्यांच्याही गुरूचं होतं.

"ठीक हाये," सर म्हणाले. "घरच्या म्हाताऱ्याले साऱ्याइचं नाव कुठी याद राह्यते? आपनच सांगा लागते. द्या फोन."

त्यांनी फोन दोन्ही हातांनी समोर धरला आणि आपल्या गुरूंचं नाव उच्चारलं. म्हाताऱ्यांनी प्रयत्न केला. पहिलं अक्षर निघालं, दुसऱ्यावर जीभ अडली. "नई," सर म्हणाले, "फिरसे." म्हातारे खुर्चीत ताठ झाले, भिंगरी बाजूला ठेवली आणि पुन्हा म्हणाले. पुन्हा चुकलं. सर अक्षर अक्षर तोडून सांगू लागले, ज्या आवाजात आम्हाला गुडघा कुठे आणि टाच कुठे ते सांगत त्याच आवाजात. शनवाऱ्याचे सर त्यांच्या खांद्यावरून वाकून आडनाव सांगत होते. शेवटी म्हाताऱ्यांनी पूर्ण नाव आडनावासकट बरोबर म्हटलं. मग कुणी न सांगता आणखी एकदा म्हटलं.

सरांनी फोन माझ्याकडे दिला, पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. गळा काढून, बायका रडतात तसे, बिनमिशीचं तोंड वेडंवाकडं करून.

पडद्यावरची मुलगी घाबरली. "म्हणजे खरंच कुणी वारलंय का?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"हो," मी म्हटलं. "यांचे सर."

"अरेरे. केव्हा?"

"झाली चार-पाच वर्षं," मी म्हटलं. "आज कुठे रडायला मिळालं."