व्हॉल्व्ह कुणी उघडा ठेवला

माझ्यासारख्याने लिहायला बसणं हे जरा धाडसच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण ताज्या वर्तमानपत्राच्या शाईचा वास आला की अजूनही नळावरची एक सकाळ आठवते. विश्रांतवाडीतल्या आमच्या चाळीत कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सकाळी नळावर इंग्रजी पेपर वाचून सगळ्यांना अर्थ सांगणं माझ्याकडे असे. त्या सकाळी बाबांच्या कारखान्यात स्फोट झाल्याची बातमी होती आणि रात्रपाळीला गेलेले बाबा परतले नव्हते. "व्हॉल्व्ह उघडा ठेवला गेला होता, एक कामगार ठार झाला," मी सांगितलं. नाव कुणाचंच नव्हतं. "कोनं ठेवला उघडा?" शेजारच्या, वऱ्हाडातून आलेल्या काकूंनी विचारलं. त्यांचा मुलगाही त्याच पाळीला होता. "ते लिहिलं नाही, काकू." "मानसाबिना व्हॉल्व्ह उघडते का बाप्पा? हेच शिकवते का तुह्या कालेजात?" आईची बादली भरून वाहत होती, पण ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. आज हिंजवडीतल्या नोकरीत असं बिनमाणसांचं इंग्रजी मीही लिहितो. त्या दुपारी मात्र कारखान्यातून आलेल्या माणसाने नावं घेऊनच सांगितलं: बाबा सुखरूप आहेत, काकूंचा मुलगा गेला, आणि व्हॉल्व्ह बाबांच्या हातून उघडा राहिला होता.