भिंतीपलीकडचे फोटो

"अहो, सोताचं नाव टाकून पाहा ना!" कॉम्प्युटरचा मेकॅनिक असा ओरडला, की मोताळ्याच्या बाजारातले बैल थेट आमच्या दाराकडे वळून बघायला लागले.

घराची वाटणी झाली, मधे भिंत आली आणि थोरल्या भावाचं नि माझं बोलणं बंद झालं. वारलेल्या वडिलांचे सगळे फोटो त्याच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरात. आईची नजर अधू होत चालली होती, तिला ते एकदा माझ्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर बघायचे होते. तिनेच मधे पडून भिंतीला भोक पाडायला लावलं, वायर आली. पण त्याचं मशीन आत शिरायला आधी नाव मागायचं. आईचं, वडिलांचं, अख्ख्या तालुक्याचं नाव टाकून झालं, ते काही आत घेईना.

मेकॅनिक वायरचं टोक चिलमीसारखं फुंकायचा, स्क्रू पिळायचा पेचकस कानामागे खोचायचा.

"माझं नाव त्याच्याकडे कशाला असेल?"

"टाका तं खरं."

टाकलं. मशीनने पासवर्ड मागितला.

"आता भावाले विचारा. मी नाही विचारत."

घसा खाकरून मी भिंतीकडे तोंड केलं. "दादा, पासवर्ड?"

"लहानपणच्या आपल्या सायकलीच्या कुलपाचा नंबर."

फोटो उघडले. आई पडद्याला नाक लावून बसली. मेकॅनिक कधी गेला कळलं नाही. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी भोकाशी वाकून विचारलं, "दादा, माहं नाव कधी टाकलं होतं?"

"भिंत झाली तवाच. येशीन वाटलं."